उसनी दिलेली बारी

अक्का, आज सकाळीही तुमच्या घराचं नेट बंद झालं. बिघडलं नाही, तुम्ही लावून ठेवलेल्या वेळेला बरोबर बंद झालं. राउटरचे दिवे हिरवेगार, आमच्या अर्ध्या घरात सगळं सुरळीत, आणि भिंतीपलीकडं तुमच्या अर्ध्या घरात भाऊजी एकटे बसलेले. तुम्हाला मळ्यात मातीत ठेवून आलो, आलेगेले पाहुणे आपापल्या गावी परतले, तुमची लेक गौरीसुद्धा रजा संपली म्हणून पुण्याला गेली. तुम्ही लावलेली नेटची बारी मात्र चालूच आहे.

मला ती मोडायची आहे. मोडायची तर तुमच्या नवऱ्याला एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी अजून कुणालाच सांगितलेली नाही, आमच्या ह्यांनाही नाही. सांगावी की गिळून टाकावी, हे विचारायला दुसरं कोण आहे मला? घरातला कुठलाही प्रश्न मी आधी तुमच्याकडं आणायचे, तुमचं सगळं ऐकून घ्यायचे आणि मग स्वतःच्या मनासारखं करायचे. तुम्हाला ते माहीत होतं आणि तरी तुम्ही दर वेळी सविस्तर सांगायचात.

माती द्यायला आलेले लोक तुमच्याबद्दल काय काय बोलत होते. किती शांत बाई, किती सोशिक. मी पदर तोंडाला लावून ऐकत होते. शांत? तुम्ही? शेजारच्या शेतातली शेळी आपल्या बांधावर आली तर तिच्या मालकाच्या आजोबांपर्यंत जाऊन पोचणाऱ्या तुम्ही. पण मेलेल्या माणसाला लोक धुऊन-पुसून ठेवतात, तसंच तुमचंही झालं. म्हणून मला घाई झाली आहे. तुम्ही होतात तशा मला आठवताय तोवर बोलून घेते.

लग्न होऊन मी माकणीला आले तेव्हा थोरली जाऊ म्हणून वाढायचं काम तुमच्याकडं होतं. तुमचं माहेर सीमेपलीकडचं, आळंदच्या बाजूचं. भाकरी ताटात टाकताना तुम्ही प्रत्येकाला कानडीत विचारायचात, "साकु?" पुरे का? आणि तो काही बोलायच्या आत त्याला किती पुरे हे तुम्हीच ठरवून पुढं सरकायचात. मला पहिल्या दिवशी तिसरी भाकरी न विचारता वाढलीत. मला ती हवी होती, आणि मागायची लाज वाटत होती. हे तुम्हाला कसं कळलं हे मी कधी विचारलं नाही.

पुढं वाटणी झाली. भांडण नव्हतं, पोरं मोठी झाली, घर पुरेना, एवढंच. मध्ये भिंत आली, चुली दोन झाल्या, जमिनीचे दोन तुकडे झाले. विहीर मात्र तोडता येत नाही. तिची बारी तुम्ही लावलीत. एक आठवडा आमची मोटर, एक आठवडा तुमची. कुणाला अडचण आली तर आपली बारी दुसऱ्याला उसनी द्यायची, आणि उसनी दिली की त्या काळात विहिरीकडं फिरकायचंही नाही. मी एकदा म्हणाले होते, एवढं कशाला मोजायचं, भाऊ-भाऊ तर आहेत. तेव्हा तुम्ही मला तुमच्या वडिलांचं आणि चुलत्याचं सांगितलंत. त्यांच्या विहिरीला बारी नव्हती, सगळं समजुतीनं चालायचं. एका उन्हाळ्यात समजूत संपली. दोघं कोर्टात गेले, निकाल लागेपर्यंत विहीर ढासळली, आणि तुमच्या लग्नात चुलता आला नाही. "समजूत आटती, संगीता," तुम्ही म्हणालात. "पाण्याच्या आधी तीच आटती."

मी तो विषय तिथंच सोडला. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला ते सोसलं नाही.

मग लॉकडाऊनमध्ये पोरींच्या शाळा फोनवर आल्या. आपलं घर धरणाच्या अंगाला, खोलगट जागी. भूकंपानंतर बांधलेलं, वर स्लॅब, आत रेंजचा पत्ता नाही. साधा फोन करायचा तरी जिना चढून गच्चीवर जायचं. म्हणून दोन्ही घरांनी मिळून लोहाऱ्याच्या केबलवाल्याकडून वायर ओढून घेतली. राउटर पुढच्या ओसरीत, मधल्या खांबावर बसवला. दोन्ही दारांपासून सारख्या अंतरावर यावा म्हणून तुम्ही दोरीनं माप घेतलंत. केबलवाल्याचा माणूस हसला तर त्याला म्हणालात, "हसू नगं. उद्या भांडण झालं तर तू येणार हायस का मिटवायला?" तेव्हापासून आपलं सगळं फोनवरचं बोलणं नेटवरूनच. गच्चीवर जायची सवयच मोडली.

तरी नेट अडकायचं. गौरीचा क्लास, माझ्या लेकीचा क्लास, भाऊजींचं कीर्तन, आणि मालिका. तुम्ही त्या माणसाला पुन्हा बोलावलंत, चहा दिलात आणि विचारलंत, "ह्येच्यात कोन कोन पाणी प्यायलंय त्ये दिसतंय का?" मला अजून हसू येतं. तो म्हणाला, दिसतं की मावशी. आणि त्यानं तुमच्या फोनवर राउटरचं पान उघडून दाखवलं. कुठले कुठले फोन जोडलेत, कुणाला किती स्पीड, कुणाला कधी बंद करायचं, सगळं त्यात. तुम्ही चष्मा पुसून पुन्हा लावलात. आपली नावं तिथं इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांत होती. ती खोडून तुम्ही तुमच्या फोनला 'थोरली' केलंत, मला 'धाकटी', भाऊजींना 'मालक', आमच्या ह्यांना 'दीर'. नावं लावून झाली तर पाच-सहा फोन शिल्लक राहिले. ते कुणाचे म्हणून चौकशी केलीत तेव्हा कळलं, पानाच्या टपरीवर भाऊजींनी अर्ध्या गल्लीला पासवर्ड वाटला होता. त्या दिवशी भाऊजी जेवायला उशिरा आले आणि खाली बघून जेवले.

तुम्ही दोन्ही पासवर्ड बदललात. वायफायचा सांगितलात, आतल्या सेटिंगचा नाही. तो फक्त तुमच्या डोक्यात होता. मी एकदा मागितला तर म्हणालात, "तिजोरीची चावी दोघीकडं आसली की तिजोरी कशाला पायजे?" मला राग आला होता. मी बी.ए. झालेली, अंगणवाडीची सगळी माहिती मोबाइलवर भरणारी, आणि मला घरच्या राउटरची चावी मिळत नाही.

पण तेवढ्यावर थांबेन ती मी कसली. बँडविड्थ म्हणजे काय हे मी त्या माणसाकडून नीट समजून घेतलं आणि तुमच्यापुढं येऊन बसले. म्हटलं, अक्का, हे पाण्यासारखं नाही. हे आज वापरलं म्हणून उद्या कमी होत नाही. येणारा लोट सगळ्यांना एकाच वेळी वाटून देता येतो. प्रत्येक फोनला त्याचा हिस्सा ठरवून द्या, कुणालाच बंद करायची गरज नाही. तुम्ही ऐकलंत, हे मी मान्य करते. प्रत्येकाला हिस्सा लावून बघितलात. आणि मग आठवडाभर दोन्ही घरांत एकच बोलणं. आमचं अडकतंय म्हणजे त्यांनी जास्त घेतलंय. आमचे हे भिंतीकडं तोंड करून बोलायला लागले, तुमची गौरी माझ्या लेकीशी बोलेनाशी झाली. खरं तर वायरच कमी दमाची होती, सगळ्यांना एकदम पुरणारच नव्हती. पण ते कोण ऐकतो? एका सोमवारी पूजा आटोपून तुम्ही कपाळाला विभूती लावलेल्या तशाच ओसरीत आलात आणि जाहीर केलंत, आजपासून नेटलाबी बारी.

एक आठवडा सकाळ आमची, दुपार तुमची. पुढच्या आठवड्यात उलट. संध्याकाळ दोघांना मोकळी, कारण कुणाची मालिका चुकवायची हा तंटा तुमच्याही आवाक्यातला नव्हता. दर सोमवारी तुम्ही स्वतः बदल करायचात. ज्या घराची बारी नाही त्या घरातल्या सगळ्या फोनांचं नेट बंद. वायफायची खूण दिसायची, पण तिच्यावर उद्गारचिन्ह, नेट नाही. आणि त्यात तुम्ही तुमचाही फोन घातलात.

अक्का, ह्यावरून मी तुमच्याशी किती वेळा भांडले. म्हटलं, टीव्ही बंद ठेवा, लॅपटॉप बंद ठेवा, पण फोन मोकळे सोडा. घरात माणसं आहेत, वेळ सांगून येत नाही. तुम्ही म्हणायचात, एकाला सूट दिली की दुसरा मागतो. मग मी म्हणाले, निदान तुमचा एकटीचा तरी ठेवा. चावी तुमच्याकडं, नियम तुमचा, कुणाला कळणारसुद्धा नाही. त्यावर तुम्ही माझ्याकडं असं पाहिलंत की मी जणू ताटातलं तूप काढून खाल्लं होतं. "म्या वाढपी हाय. वाढप्यानं आधी जेवायचं का?"

जगात जो कुणी नियम करतो तो स्वतःसाठी मागचं दार ठेवतो. मी सरपंच बघितले, साहेब बघितले, आमच्या पर्यवेक्षिका बघितल्या. एक तुम्हीच तेवढ्या निघालात सरळ. मला आज तुमच्या त्या सरळपणाचा राग येतो. इतका येतो की भांडी घासताना हातातली पातेली आपटते आणि मग भिंतीपलीकडं भाऊजी ऐकतील म्हणून थांबते.

आता ती सकाळ. ती तुम्हाला माझ्याइतकी कळली नसेल, म्हणून सांगते.

त्या आठवड्यात सकाळची बारी तुमची होती. माझी महिनाअखेरीची माहिती राहिली होती. पोरांची वजनं, उंची, फोटो, सगळं वर चढवायचं, आणि फोटो तर एकेक करून रडत चढतात. मी तुमच्या दारात आले. तुम्ही तांदूळ निवडत होता. मी म्हटलं, अक्का, माझा एक फोन सकाळी चालू करून द्या, तुमचं बंद करू नका, दोन्ही चालतील. तुम्ही सूप बाजूला ठेवलंत आणि फोन घेतलात.

"बारी घे की माजी. उसनी."

"तुमचं कशाला बंद करता पण?"

"उसनं दिलं म्हंजे दिलं. अर्धं सोताकडं ठिवून देत्यात व्हय कुटं?"

मी हसले. तुम्हीही हसलात. चष्म्यातून बोटानं एकेक नाव शोधून तुम्ही तुमचं घर बंद केलंत आणि माझं चालू केलंत. "साकु?" विचारलंत. मी म्हटलं, साकु. हे आपलं शेवटचं बोलणं. भांडणाचं नाही, रागाचं नाही, चांगलं हसतखेळत. लोक म्हणतात शेवट गोड व्हावा. तो झाला, आणि तोच मला झोपू देत नाही.

भाऊजी मळ्यात गेले होते. आमचे हे लोहाऱ्याला. पोरगी कॉलेजला. मी भिंतीच्या अलीकडं फोटो चढवत बसले होते. त्या दिवशी नेट काय धावत होतं, अक्का. इतकं पळताना मी कधी बघितलं नव्हतं. सगळं काम झालं तेव्हा मी खूश होऊन उठले, की चला, तुमची बारी तुम्हाला परत देऊन येते.

तुम्ही ओट्याजवळ पडला होता. तोंड एका बाजूला गेलं होतं, उजवा हात लुळा पडला होता. डोळे उघडे होते. मी हाक मारली तर तुमच्या घशातून नुसता आवाज आला, शब्द आला नाही. डाव्या हातात फोन होता. तो सोडवून घेताना मी पडद्याकडं बघितलं. वर माझं नाव होतं. कॉल लावलेला, न लागलेला. त्याच्याखाली परत माझंच नाव. आणि कोपऱ्यात वायफायची खूण, तिच्या अंगावर ते उद्गारचिन्ह.

तुम्ही भाऊजींना लावला नाहीत, गौरीला लावला नाहीत. ओरडता येत नव्हतं म्हणून तुम्ही मला फोन लावलात, कारण मी भिंतीपलीकडं होते. आणि भिंतीपलीकडं मीच सगळं नेट घेऊन बसले होते, तुम्हीच दिलेलं. भिंत वाजवलीत का तुम्ही? तिथपर्यंत तुमचा हात पोचला नसेल. मी रोज त्या जागी उभी राहून बघते.

जीपमध्ये तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. किल्लारी मागं पडली, औशाच्या अलीकडं तुमचा श्वास बदलला आणि मग थांबला. लातूरच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, मेंदूतला झटका मोठा होता, लवकर आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. सगळ्यांनी ते ऐकून मान हलवली. मी त्या डॉक्टरांना दुसऱ्यांदा विचारलं. त्यांनी तेच उत्तर दिलं. म्हणजे तुम्ही वाचला असतात असंही नाही आणि नसतात वाचला असंही नाही. मी इतकी वर्षं तुमच्याशी वाद घातला की नेट पाण्यासारखं नसतं. मी बरोबर होते, अक्का. माझ्याइतकं कुणी बरोबर नसेल. ह्या बरोबर असण्याचं मी काय करू?

तुमचा फोन मी भाऊजींच्या हातात दिला. त्यांना फोनमधलं फार काही कळत नाही असं मी धरून चालले. कुणी काही विचारलं नाही, मी काही बोलले नाही.

आता तुमच्या माघारी काय झालंय ते ऐका. तुम्ही त्या दिवशी बदललेली बारी तशीच अडकून बसली. सोमवार आले आणि गेले, ती फिरवणारं कुणी नाही. रोज सकाळी तुमचं घर बंद. गौरीनं राउटरमागच्या बारीक भोकात पिन दाबून सगळं पुसायचं म्हटलं, तर भाऊजी खांबाजवळ येऊन उभे राहिले. "तिचा हात लागलेलं हाय त्ये. ऱ्हाऊ दे." गौरी रडली आणि तिनं पिन ठेवून दिली. त्यांना ती तुमची आठवण वाटते. लोक फोटोला हार घालतात, भाऊजी बारी पाळतात.

पण त्यांचं बीपी तुम्हाला माहीत आहे. मागच्या आठवड्यात अंगणात चक्कर आली, तुळशीच्या कट्ट्याला धरून बसले. हल्ली मळ्यात जात नाहीत, सकाळभर आत एकटे असतात. मी अंगणवाडीत, हे बाहेर. त्यांना काही झालं तर? तोच स्लॅब, तीच भिंत, तोच बंद फोन. एकदा झालं ते पुन्हा होईल आणि मी पुन्हा कामं आटोपून दारात जाईन. हे मला होऊ द्यायचं नाही. पण बारी मोडायला ते खरं कारण विचारणार, आणि कारण सांगितलं की त्यांना कळणार की तुमची आठवण म्हणून जे जपतायत, त्यानंच तुमचा फोन अडवला. ह्या वयात माणसाला हे सांगायचं?

परवा इथवर लिहून थांबले होते, पुढचं आज लिहिते आहे. तुमच्याकडून उत्तर येईना. शेवटी काल मी गेले.

भाकरी आणि पिठलं घेऊन मागच्या दारानं आत गेले. भाऊजी ओट्याला पाठ टेकून खाली फरशीवर बसले होते, तुम्ही पडला होता त्याच जागी. मी ताट ठेवलं. तुम्हाला ठाऊक आहे, इतक्या वर्षांत ते माझ्याशी थेट कधी बोललेले नाहीत. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी बोलायचं नाही, ही आपल्या घरची रीत. जे काही असेल ते तुमच्यामार्फत. "गौरीच्या काकूला म्हनावं, चहात साखर कमी टाक." मी समोर उभी असतानासुद्धा. तुम्ही नाहीत तर आमच्यात बोलणं नेणारं-आणणारंही कुणी उरलं नाही.

मी पदर नीट केला आणि दाराच्या चौकटीकडं बघत बोलायला लागले. सगळं सांगितलं. उसनी बारी, तुमच्या हातातला फोन, माझं नाव, ती खूण. मध्ये थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं, म्हणून थांबले नाही.

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "ठावं हाय मला."

मी पहिल्यांदा त्यांच्याकडं सरळ बघितलं. त्यांच्या हातात तुमचा फोन होता.

"तुझं नाव वरच हाय की ह्येच्यात," ते म्हणाले. "येवडं कळतंय मला."

"मग भाऊजी, मोडू द्या की ती बारी. तुम्हाला काही झालं तर..."

"रोज सकाळी लावतो म्या."

"काय?"

"फोन. हितंच बसतो न् तुझ्या नावावर दाबतो. नुसतं फिरतंय. फिरत ऱ्हातंय न् मग बंद पडतंय." अंगठ्यानं ते काच पुसत होते. "तिनं किती येळ बगितलं आसंल ह्ये. त्येवडंच बगतो. दुसरं काय बगू?"

अक्का, मला वाटलं होतं मी एकटीच ही गोष्ट गिळून बसले आहे. हा माणूस रोज सकाळी तुमच्या जागेवर जाऊन तुमचं मरण पुन्हा बघत होता, आणि भिंतीच्या ह्या बाजूला मी त्याच्यासाठी भाकरी थापत होते. तो तुमच्या बारीला जपत नव्हताच. ती मोडली असती तर त्याला तुमच्याजवळ बसायचा तेवढा एक रस्ता बंद झाला असता.

मी थोरल्या दिरापुढं कधी आवाज चढवला नव्हता. काल चढवला. "बास करा," म्हटलं, "बास झालं आता." आणि तशीच ओसरीत आले, पदराची सेफ्टी पिन काढली, राउटर खांबावरून उतरवला आणि ते भोक दाबून धरलं. मागं भाऊजी येऊन उभे राहिलेले मला कळलं. मला वाटलं हात धरतील. त्यांनी धरला नाही. दिवे एकेक करत विझले. त्याबरोबर तुम्ही लावलेली नावंही गेली असणार. मला त्याचं वाईट वाटलं, पण पिन काढली नाही.

दुपारी केबलवाल्याचा माणूस आला, पुन्हा सगळं जोडून दिलं. जाताना विचारलं, टायमिंग, लिमिट काही लावायचंय का? मी म्हटलं, काही लावू नका. भाऊजी ओसरीतच ऐकत होते.

आज सकाळी मी घाईत होते. अंगणवाडीला निघताना पिशवी खांद्याला अडकवली आणि फोन वाजला. पडद्यावर 'अक्का' असं आलं. हात आपोआप गेला, रोजच्यासारखा, आणि तोंडातून निघून गेलं, "बोला अक्का."

पलीकडं भाऊजी होते. ते रडत होते. भिंतीतून ऐकू येत नव्हतं, फोनवर येत होतं. मी पिशवी खाली ठेवली, भिंतीला टेकून बसले, आणि त्यांनी ठेवेपर्यंत फोन कानाचा काढला नाही.